कंप, झोप आणि दोन वनस्पतींची कथा

नरडाणा स्टेशनावर पॅसेंजर गाडी थांबते ती अगदी थोडा वेळ. सुरत–भुसावळ मार्गावरचे आमचे हे लहानसे स्टेशन. उतरणारा उतरतो, चढणारा चढतो आणि गाडी निघते. काही वर्षांपूर्वी याच फलाटावर एक प्रसंग पाहिला. डब्याच्या दाराशी एक वयस्कर गृहस्थ उतरायला उभे होते. गाडी थांबली, दार मोकळे झाले, आणि ते जागच्या जागी खिळून राहिले. पाऊलच उचलेना. मागून माणसे ओरडू लागली, ‘उतरा ना बाबा!’ कुणी तरी हसून म्हणाले, ‘सकाळीच लावलेली दिसते.’ तेवढ्यात खाली उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाने एक विलक्षण गोष्ट केली. तो वर चढला, आपला पाय वडिलांच्या पायापुढे आडवा धरला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘यावरून पाय टाका.’ आणि काय सांगावे, गृहस्थांनी तो पाय सहज ओलांडला, दोन पायऱ्या उतरले आणि फलाटावरून चालू लागले!

हसणारे गप्प झाले. मला मात्र हसू आले नव्हते, कारण हा प्रकार मी घरी फार जवळून पाहिला होता. आमचे थोरले काका, त्यांना आम्ही आबा म्हणत असू. आबा पंचावन्नच्या आसपास असताना रात्री झोपेत हातपाय झाडू लागले. पिकाच्या राखणीला जाणारा माणूस. स्वप्नात रानडुकरे यायची. ‘हाड्! हाड्!’ असे ओरडत ते लाथा मारायचे. मोठ्या आईंच्या हातावर एकदा चांगलाच काळानिळा वण उठला. सकाळी आबांना विचारले तर स्वप्न आठवे, मारलेले आठवत नसे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ‘बाहेरचे काही तरी आहे’ म्हणून भगताकडे नेले. उतारा झाला, लिंबू झाले, गंडा झाला. मोठ्या आई आपली खाट दुसऱ्या खोलीत घेऊन गेल्या आणि प्रश्न मिटला असे सर्वांनी धरले. पुढे सात-आठ वर्षांनी आबांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासू लागला, जणू तंबाखू मळताहेत. मग चाल लहान झाली, अक्षर बारीक झाले, चेहऱ्यावरचे हसू गेले. ‘वय झाले’ असे म्हणून आम्ही तेही सोडून दिले. रात्रीची लाथ आणि दिवसाचा कंप या दोहोंचा काही संबंध असेल, हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आले नाही.

आम्हांला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. जगातल्या मोठमोठ्या वैद्यांनाही हा संबंध कळायला फार काळ लागला. आणि तो कळण्याच्या वाटेवर आपल्या देशातल्या दोन वनस्पती उभ्या आहेत. त्यांचीच हकीगत आज सांगायची आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताच्या ऐंशी विकारांची यादी आहे. त्या यादीत ‘वेपथु’ म्हणजे कंप येतो, आणि थोड्याच अंतरावर ‘अस्वप्न’ म्हणजे झोप न येणे हेही येते. जुन्या वैद्यांनी दोन्ही एका माळेत ओवले होते खरे; पण म्हणून त्यांना सगळे ठाऊकच होते असे म्हणणे मला पटत नाही. यादी म्हणजे उलगडा नव्हे. उलगड्याची पहिली पायरी इ. स. १८१७ साली लंडनमध्ये पडली. जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टराने थरथरत्या लकव्यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात फक्त सहा रोगी आहेत, आणि त्यांतले काही तर त्याने रस्त्यावर चालताना पाहिलेले! हात स्वस्थ असताना थरथरतो, शरीर पुढे झुकते, चालणे हळूहळू धावण्यासारखे होते, हे त्याने लिहिले; रोग वाढला की झोप फार मोडते, हेही लिहिले. पुढे पॅरिसच्या शार्को या पंडिताने या विकाराला पार्किन्सनचेच नाव दिले. शार्कोने आणखी एक मुद्दा धरला: या रोगात शक्ती जात नाही. आपण ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतो तो पक्षाघात वेगळा आणि हा वेगळा. आगगाडीचेच उदाहरण घ्या. इंजिन तापलेले आहे, ड्रायव्हर जागा आहे, रूळ शाबूत आहेत. पण सिग्नल पडत नाही. गाडी उभी!

हा सिग्नल कुठे आहे?

१९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, व्हिएन्ना शहरात कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो या डॉक्टरापुढे एक चमत्कारिक साथ आली. काही रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत. हलवले तर जागे होत, दोन शब्द बोलत आणि पुन्हा झोपत. काहींची गत उलटी, त्यांना झोपच येईना. पुष्कळ दगावले. एकोनोमोने मेलेल्यांचे मेंदू तपासले. मेंदूच्या तळाशी, अगदी आत, एका लहानशा भागात त्याला इजा दिसली. इजा त्या भागाच्या मागच्या बाजूला असेल तर माणूस झोपे, पुढच्या बाजूला असेल तर त्याची झोप उडे. म्हणजे झोप हा नुसता थकवा नव्हे. तिचे ठाणे मेंदूत आहे, हे प्रथम स्पष्ट झाले. पुढची गोष्ट आणखी विचित्र. ही साथ दहाएक वर्षांत जशी आली तशी ओसरली. पण बरे होऊन घरी गेलेले कित्येक जण काही वर्षांनी हळूहळू ताठ होत गेले. हात थरथरू लागले, पाय अडू लागले, शेवटी पुतळ्यासारखे खुर्चीत बसून राहिले. झोपेचा रोग जिथून गेला होता तिथेच हालचालीचा रोग उगवला. १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ नावाच्या तरुण संशोधकाने दाखवले, की पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूतळाशी असलेला एक काळसर पट्टा फिका पडलेला असतो. झोपेची आणि हालचालीची ठाणी अशी शेजारी शेजारी, एकाच आळीत निघाली म्हणायची.

आता आपल्या देशात येऊ. सर्पगंधा ही पहिली वनस्पती. बिहारात तिच्या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. वेड लागलेल्याला, झोप न येणाऱ्याला ती देत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की ही मुळी उन्माद शांत करते आणि रक्तदाबही उतरवते. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना देऊन पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्या एका लेखाने सगळ्या जगाचे डोळे या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून ‘रिसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढले गेले. वेड्यांच्या इस्पितळांत त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. आरडाओरडा थांबला, साखळ्या सुटल्या. पण काही महिन्यांत डॉक्टरांना दिसू लागले, की मोठ्या मात्रेवर असलेले काही रोगी हुबेहूब पार्किन्सनच्या रोग्यासारखे होत आहेत: चेहरा कोरा, हात थरथरता, चाल अडखळती. औषध थांबवले की ते पुन्हा पूर्ववत होत.

दुसरा कुणी असता तर त्याने ‘औषधाचा दुष्परिणाम’ म्हणून पान उलटले असते. स्वीडनमधल्या अर्विद कार्लसन यांनी तसे केले नाही. १९५७ साली त्यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे कान पाडून, डोळे अर्धे मिटून निपचित पडले. मग त्यांना ‘एल-डोपा’ नावाचे द्रव्य टोचले. थोड्या वेळाने ससे उठले, कान टवकारले आणि उड्या मारू लागले! कार्लसन यांच्या ध्यानात आले, की मेंदूत डोपामिन नावाचा एक निरोप्या असतो. रिसर्पिन त्याचे कोठार रिकामे करते आणि एल-डोपा ते पुन्हा भरते. आपला सिग्नल पाडणारा तो हाच. १९६० साली व्हिएन्नातच हॉर्निकिविच आणि एहरिंगर यांनी पार्किन्सनने वारलेल्यांचे मेंदू तपासले, तर त्यांत डोपामिन फार थोडे उरलेले आढळले. तो फिका पडलेला काळसर पट्टा म्हणजे डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचीच वस्ती होती. हाताचा कंप दिसू लागतो तेव्हा त्यांतल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पेशी संपलेल्या असतात. १९६१ साली अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना एल-डोपा टोचण्यात आले. उठता न येणारी माणसे काही तास उठून चालली. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियस यांनी तेच औषध तोंडाने, थोडे थोडे वाढवत देण्याची रीत बसवली आणि मग ते घरोघरी जाण्याजोगे झाले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि हे एल-डोपा आहे कुठे? आपल्या कुंपणात!

शिक्षकमंडळींना खाजकुइली निराळी सांगायला नको. दर पिढीत एक तरी बहाद्दर मास्तरांच्या खुर्चीवर तिची कुसे टाकतोच. (मी दोन्ही बाजूंनी हा अनुभव घेतला आहे, टाकताना मजा अधिक येते.) पावसाळ्यात झुडपांवर चढणारा वेल, जांभळी फुले आणि थंडीत सोनेरी-तपकिरी लव असलेल्या वळणदार शेंगा. सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात गुराख्यांना ती चांगली ओळखीची. संस्कृतात कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता, आणि काष्ठौषधीच्या दुकानात तिच्या बिया ‘कवचबीज’ म्हणून मिळतात. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन् आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा वेगळे काढले होते. म्हणजे सशांच्या प्रयोगाच्या वीस वर्षे आधी! पण त्याचा उपयोग काय, हे त्या वेळी जगात कुणालाच माहीत नव्हते. पुढे १९७८ साली मुंबईचे डॉक्टर अशोक वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनी पार्किन्सनच्या तेवीस रोग्यांना या बियांचे चूर्ण देऊन गुण येत असल्याचे नोंदवले. २००४ साली लंडनमध्ये आठ रोग्यांवर काटेकोर तुलना झाली, तेव्हाही चूर्णाचा गुण लवकर दिसला.

एक मुळी सिग्नल बंद करणारी, एक बी तो उघडणारी. दोन्ही आपल्याच मातीतल्या. अभिमान वाटावा असेच आहे. पण अभिमानाच्या भरात कुणी उद्या कुंपणातली शेंग तोडू नये, हे मला बजावून सांगितले पाहिजे. रानातल्या बियांत औषधाचे प्रमाण सारखे नसते; कच्च्या बियांनी उलट्या होतात. जो आधीच डॉक्टरांची डोपाची गोळी घेतो त्याने वर चूर्ण घेतले, तर औषध दुप्पट होऊन अंग वेडेवाकडे हलू लागते, भलतेसलते भास होतात. गोळीत तरी वेगळे काय आहे? तेच द्रव्य, पण मोजून, आणि ते मेंदूपर्यंत पोचेपर्यंत वाटेत खर्ची पडू नये म्हणून दुसऱ्या एका औषधाच्या सोबतीने दिलेले.

आता आबांच्या रात्रीकडे वळतो. आपण स्वप्न पाहतो तेव्हा मेंदूचा एक भाग हातापायांना जणू कडी घालून ठेवतो. म्हणून स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच राहतो. १९६५ साली फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी दाखवले, की मांजराच्या मेंदूतला हा भाग निकामी केला तर मांजर झोपेतच उठून शिकार करू लागते. माणसातही असे होते, हे १९८६ साली अमेरिकेत शेंक आणि माहोवाल्ड यांनी पाच वयस्कर रोग्यांवरून मांडले. कडी पडायची राहते आणि माणूस स्वप्न अंगाने जगतो. त्यांनी अशा २९ पुरुषांवर पुढेही लक्ष ठेवले. १९९६ साली कळवले, की त्यांतल्या ३८ टक्क्यांना पार्किन्सनची लक्षणे दिसली आहेत. २०१३ सालच्या लेखात हा आकडा, पार्किन्सन आणि त्याच्या जातीचे इतर विकार धरून, ८१ टक्क्यांवर गेला. रोग मेंदूच्या खालच्या भागांतून वर चढत असावा आणि झोपेची कडी आधी मोडत असावी, असे पुष्कळ संशोधक मानतात. आबांची लाथ ही भुताची नव्हती, सात-आठ वर्षे आधी आलेली ती तार होती. आम्हांला ती वाचता आली नाही, इतकेच. म्हणून घाबरूनही जाऊ नये. लहान मूल झोपेत बडबडते, चालते, ते निराळे. पण पन्नाशी उलटलेला माणूस स्वप्नात वारंवार मारू, उडी घेऊ लागला, तर खाट बुटकी करावी, उशाचा विळा-कोयता हलवावा आणि मेंदूच्या डॉक्टरांना ही हकीगत सांगावी. ती सांगायची बायकोने. रोग्याला आठवतच नाही.

बरे होण्याची आशा किती, हे मला नेहमी विचारले जाते. उत्तर एकच नाही, कारण कंप एकाच जातीचा नसतो. आमच्या गल्लीतल्या एका बाईंना चक्कर येई म्हणून एक गोळी दिलेली होती. दोन आठवड्यांची गोळी त्यांनी वर्षभर चालू ठेवली. हात थरथरू लागले, चाल मंदावली. घरात सगळे म्हणाले, झाले, यांचेही आबांसारखेच. धुळ्याला दाखवल्यावर गोळी बंद झाली आणि चार महिन्यांत बाई पुन्हा चुलीपुढे बसून भाकरी थापू लागल्या. रिसर्पिनचीच ही पुनरावृत्ती. चक्कर, उलटी, मानसिक आजार यांवरची काही औषधे तोच डोपामिनचा निरोप अडवतात. अशा कंपात औषध हटले की बहुतेक जण सुधारतात, मात्र आठवडे किंवा महिने लागतात; आणि मानसिक आजाराचे औषध कुणी आपल्या मनाने थांबवायचे नाही. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या साऱ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी, ती पुष्कळ बोलते.

दुसरे, पायांची तळमळ. रात्री आडवे झाले की पोटऱ्यांत ओढ लागते, मुंग्या येतात, उठून चालले की बरे वाटते. स्वीडनच्या एकबॉम यांनी १९४५ साली याचे नीट वर्णन केले. शरीरात लोह कमी असेल तर हा त्रास वाढतो, कारण डोपामिन तयार व्हायलाही लोह लागते. गरोदर बायांना तो फार होतो. त्यांना ‘नखरे करते’ म्हणण्याऐवजी रक्त तपासून घेतले तर पुष्कळींची झोप परत येते.

खऱ्या पार्किन्सनमध्ये मेलेल्या पेशी परत आणणारे औषध अजून निघालेले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स या डॉक्टराने १९६९ साली त्या जुन्या झोपेच्या साथीतल्या, दशकानुदशके पुतळ्यासारख्या बसलेल्या रोग्यांना एल-डोपा दिले. माणसे जागी झाली, बोलली, नाचली; आणि काही काळाने पुष्कळांना औषध सोसेनासे झाले. पार्किन्सनच्या नेहमीच्या रोग्याचे नशीब इतके कठोर नसते. गोळ्या वेळेवर घेतल्या तर कित्येकांची बरीच वर्षे चांगली जातात. पुढे मात्र गोळीचा अंमल लवकर उतरू लागतो. तेव्हा वेळा बदलाव्या लागतात, डाळ-दुधाचे जेवण आणि गोळी यांत अंतर ठेवावे लागते. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रनोब्ल येथे बेनाबिद यांनी मेंदूत बारीक तार ठेवून विजेने कंप शमवण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. ती मुंबईतही होते. पण ती निवडक रोग्यांसाठी आणि खर्चाची. रोग दुर्मीळ मात्र समजू नये. मुंबईच्या पारशी वसाहतींत भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन १४,०१० माणसे तपासली, तेव्हा ४६ जणांना तो आढळला. १९८८ साली ही पाहणी प्रसिद्ध झाली. पारशी समाजात म्हातारी माणसे अधिक, हे खरे. पण आता आपल्याही गावांत माणसे दीर्घायुषी होत आहेत.

कापसाच्या मुलखात आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाज रातोरात पार्किन्सनच्या रोग्यासारखे ताठले. त्यांच्या भेसळीच्या नशेत एमपीटीपी नावाचे एक द्रव्य निघाले, त्याने तोच काळसर पट्टा जाळला होता. त्या विषाचे शरीरात जे रूप होते, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. पुढे शेतीत पॅराक्वाट हाताळणाऱ्यांत पार्किन्सन अधिक आढळतो, असे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसले. फवारणी करणारा प्रत्येक जण आजारी पडतो असे मुळीच नाही. पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून पंप मारणारा गडी पाहिला की मला आता स्वस्थ बसवत नाही.

आणि त्या नरडाण्याच्या मुलाने केले काय? सपाट जागी न उठणारे पाऊल समोर काही ओलांडायला मिळाले की उठते. सवयीने, आपोआप चालण्याची वाट बंद झालेली असते. डोळ्यांनी पाहून, ठरवून चालण्याची दुसरी वाट मोकळी असते. ताल ऐकूनही ती उघडते. पुण्यात ऋषिकेश पवार या नर्तकाने पार्किन्सनच्या रोग्यांना नृत्य शिकवले ते याच बळावर. आम्हांला हे उशिरा कळले. कळले त्या दिवशी मी शाळेतून पांढऱ्या खडूची पेटी घरी आणली आणि ओसरीपासून न्हाणीपर्यंत पाऊलभर अंतरावर आडव्या रेघा मारल्या. आबा पहिल्या रेघेपाशी थांबले, खाली पाहिले, आणि मग एकेक रेघ ओलांडत सरळ न्हाणीच्या दारापर्यंत गेले. त्यानंतर त्यांच्या अखेरपर्यंत रोज सकाळी सडासारवण झाले की मोठ्या आई रांगोळीच्या आधी त्या रेघा ओढायच्या.